मंथरा आणि मिसेस डिसा

नाटक असो की बोलपट, प्रेक्षकांच्या मनात नायक-नायिकांसाठी एक उच्चासन राखून ठेवलेले असते. त्यांची नावे जाहिरातीत ठळक अक्षरांत, त्यांची चित्रे गावोगावच्या भिंतींवर, आणि त्यांच्या मीलनावर किंवा विरहावर साऱ्या कथेची मदार. सासू, आत्या, घरमालकीण, सावकार, वकील ही मंडळी मात्र घटकाभर येतात, आपले काम करतात आणि निघून जातात. चित्रपटसृष्टीत त्यांना चरित्र अभिनेते म्हणतात. नाव भारदस्त आहे. परंतु त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की ज्यांच्यासाठी तिकीट काढले जात नाही अशी माणसे. आता चार चित्रपट आठवून पाहा आणि त्यांतून ही माणसे वगळा. कथा तत्काळ कोसळते. सासूने छळ केल्यावाचून सुनेचे दुःख कोणाला कळावे? आणि घरमालकिणीने आसरा दिल्यावाचून निराधार नायकाने राहावे तरी कोठे?

श्रोतेहो, अशाच एका चरित्र अभिनेत्रीच्या कारकिर्दीचा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. तिचा आरंभ मूकपटांत झाला आणि ती घराघरांतल्या दूरदर्शन संचापर्यंत पोहोचली. ही अभिनेत्री म्हणजे ललिता पवार.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. त्यांचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. येवले हे पैठणीचे गाव, आणि त्यांच्या वडिलांचा व्यापारही रेशमाचा आणि सुती कापडाचा. १९२८ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात त्यांनी बालभूमिका केली. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा; हा त्यानंतरचा, त्याच कथेवरचा दुसरा मूकपट. मुलींनी, त्यातही चांगल्या घरच्या मुलींनी, कॅमेऱ्यासमोर उभे राहणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. फाळक्यांना आपल्या पहिल्या चित्रपटात तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नव्हती आणि ती भूमिका पुरुषाकडून करवून घ्यावी लागली होती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी येवल्याची ही मुलगी पडद्यावर आली.

तिसाव्या दशकात ललिताबाई नायिका झाल्या. त्या काळच्या धाडसपटांत त्यांनी कामे केली, बोलपट आल्यावर स्वतःच्या आवाजात गाणीही म्हटली. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता; पुढे टॉल्स्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवर आधारलेल्या 'दुनिया क्या है' या बोलपटाच्या निर्मितीतही त्या सहभागी होत्या. विशीच्या आसपासची एक मराठी मुलगी रशियन कादंबरीवर चित्रपट काढण्याच्या उद्योगात पडते, यावरून तिच्या महत्त्वाकांक्षेचा अंदाज यावा. १९४१ साली मास्टर विनायकांनी वि. स. खांडेकरांच्या कथेवर 'अमृत' काढला, त्यातही ललिताबाई होत्या. एकंदरीत पुढचा मार्ग प्रशस्त दिसत होता.

आणि १९४२ साली तो मार्ग एका क्षणात मोडला. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका प्रसंगात नायिकेच्या थोबाडीत मारावयाची होती. सहनट मास्टर भगवान यांचा हात अभावितपणे जोराचा बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. दीर्घकाळ उपचार झाले. चेहरा पुष्कळसा सावरला, पण डावा डोळा कायमचा अधू आणि बारीक राहिला. वय सव्वीस वर्षांचे. ज्या व्यवसायात चेहरा हेच भांडवल, त्या व्यवसायातील नायिकेच्या बाबतीत हे घडले. नायिकेची भूमिका त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. घरी बसणे हा एक मार्ग होता. मिळेल ते काम पत्करणे हा दुसरा. ललिताबाईंनी दुसरा पत्करला, आणि 'मिळेल ते' या दोन शब्दांतून पुढे पन्नास वर्षांची कारकीर्द उभी केली.

अशा तऱ्हेचे उदाहरण सातासमुद्रापलीकडेही आढळते. अमेरिकेतील वॉल्टर ब्रेनन या नटाने १९३२ च्या सुमारास एका अपघातात बरेचसे दात गमावले. तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती. बोळक्या तोंडामुळे त्याला थेरड्यांच्या भूमिका मिळू लागल्या. त्याने त्या इतक्या निगुतीने केल्या, की दुय्यम भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिक सुरू झाले तेव्हा पहिला मानकरी तोच ठरला. हे १९३६ सालच्या चित्रपटांसाठीचे पारितोषिक. पुढील चार वर्षांत त्याने तेच पारितोषिक आणखी दोनदा मिळविले, आणि उतारवयात दूरचित्रवाणीवरील एका मालिकेतला आजोबा म्हणून तो घरोघरी ओळखीचा झाला. शरीरातील उणीव त्याने लपविली नाही. तिला कामाला लावले. ललिताबाईंनीही तेच केले.

ते कसे केले, हे पाहण्यासारखे आहे. १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याबद्दल राघोबादादांना दोषी ठरविले, हा मराठ्यांच्या इतिहासातील तेजस्वी आणि लाजिरवाणा असा दुहेरी प्रसंग. मूळ पत्रातील 'धरावे' या शब्दातील 'ध' चा 'मा' आनंदीबाईंनी केला, ही आख्यायिका आपल्या भाषेत म्हणच होऊन बसली आहे. ती आनंदीबाई ललिताबाईंनी उभी केली. १९५० साली व्ही. शांताराम यांचा 'दहेज' आला, त्यात हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू त्यांनी रंगविली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. त्यापूर्वी अकरा वर्षे या सासूने प्रेक्षागृहातल्या कित्येक सासवांना अस्वस्थ केले असेल. तो बारीक डोळा आता त्यांच्या हातचे हत्यार झाला होता. मान किंचित कलती करायची, एक डोळा रोखायचा, आवाज चढविण्याऐवजी खाली आणायचा, की समोरच्या पात्राबरोबर प्रेक्षकाच्याही छातीत धस्स व्हावे. कजाग सासूला हिंदी भाषक प्रांतांतही लोक ललिता पवार म्हणू लागले. नटाच्या नावाचे सामान्यनाम व्हावे, हा गौरव खरा. पण तो पेलण्यास फार कठीण. बायाबापड्यांनी आपल्याला शिव्या घालाव्यात, हीच ज्याची पावती, त्याने ती हसतमुखाने कशी स्वीकारायची?

परंतु त्यांना केवळ खाष्ट सासू समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. १९५५ या एकाच वर्षातील दोन चित्रपट घ्या. 'श्री ४२०' मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणाऱ्या गंगामाई आहेत. तोंडाने फटकळ आणि पोटात माया. गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये त्या श्रीमंत घरातील सुशिक्षित, पुरुषद्वेष्ट्या आत्या आहेत. पुढे १९६१ च्या 'जंगली' मध्ये घरात हसण्यालाच बंदी घालणारी आई आहे. आणि १९६२ च्या 'प्रोफेसर' मध्ये तर म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या नायकावर भाळणारी करारी पालकबाई आहे. त्या बाईचे हसे होते, आणि हसता हसता तिची दयाही येते. गंगामाईचा डोळा आणि आनंदीबाईचा डोळा एकच होता. त्यातला भाव मात्र प्रत्येक वेळी वेगळा होता.

आता मी त्या भूमिकेकडे येतो, जिच्यासाठी मुख्यतः हे भाषण योजिले आहे. हृषीकेश मुखर्जी दिग्दर्शित 'अनाडी' १९५९ साली प्रदर्शित झाला. राज कपूर नायक, नूतन नायिका. नायक हा भाबडा, प्रामाणिक आणि बेकार चित्रकार. तो ज्या घरी भाड्याच्या खोलीत राहतो, त्या घराची मालकीण मिसेस डिसा. ती त्याला येता-जाता टाकून बोलते आणि पोटच्या मुलासारखे सांभाळते. पुढे ती आजारी पडते. एका बड्या कारखानदाराच्या कंपनीचे सदोष औषध तिच्या पोटात जाते आणि त्या विषाने ती मरते. आळ येतो तो तिने मुलगा मानलेल्या त्या गरीब भाडेकरूवर. चित्रपटातला सारा नैतिक प्रश्न या मृत्यूपाशी येऊन उभा राहतो : नफ्यापुढे माणसाच्या जिवाची किंमत किती? नायक-नायिकेचे प्रेम बाजूस ठेवले तर 'अनाडी' ही कथा या म्हातारीच्या जगण्यामरण्याची आहे. या भूमिकेसाठी ललिताबाईंना १९६० साली सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि १९६१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला.

मिसेस डिसा ही आम्हां मराठी आणि कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांना इतकी जवळची का वाटली, हे समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहावा लागतो. डिसा हे आडनाव गोव्यात, कोकणात आणि घाटमाथ्यावरच्या आमच्या कॅसलरॉकच्या टापूतही ओळखीचे. जोयडा तालुक्यातील हे लहानसे गाव १९६१ पर्यंत सरहद्दीवरचे स्थानक होते. पलीकडे पोर्तुगिजांचा गोवा, अलीकडे प्रथम ब्रिटिश आणि मग स्वतंत्र हिंदुस्थान. दूधसागराजवळून घाट चढून येणारी मीटरगेज गाडी येथे थांबे, जकातीची तपासणी होई, आणि मग लोंढा, बेळगाव, मिरज करीत पुण्यास गाडी बदलून उतारू मुंबईला पोहोचत. या वाटेने गोव्याचे खलाशी गेले, आचारी गेले, आया गेल्या, आणि व्हायोलिन व ट्रम्पेट बगलेत घेतलेले वादकही गेले. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गावागावांच्या 'कुडी' उभ्या राहिल्या. एका गावच्या माणसांनी एका छपराखाली ट्रंका ठेवायच्या आणि एकत्र प्रार्थना करायची. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची रचना वर्षानुवर्षे करणारे सेबॅस्टियन डिसोझा हे याच समाजातले, आणि 'अनाडी'चे संगीतही शंकर-जयकिशन यांचेच. गाणी गाजली, संगीतकारांची व गायकांची नावे झाली. वाद्यमेळाची बांधणी करणाऱ्यांची नावे पडद्यावर बहुधा येतच नसत. तीही एका अर्थी दुय्यम भूमिकाच.

१९५५ साली भारत सरकारने गोव्याची कोंडी केली आणि या मार्गावरची रेल्वे वाहतूक थांबली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे 'अनाडी' ज्या वर्षी पडद्यावर आला, त्या वर्षी मुंबईतील खऱ्याखुऱ्या मिसेस डिसांपैकी कितीतरी जणींना या रुळांवरून आपल्या गावी जाता येत नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि चोरट्या दारूचे अड्डे निघाले. त्यांतले काही अड्डे गरिबीने गांजलेल्या ख्रिस्ती बायका चालवीत. त्यामुळे 'आंटी' हा मायेचा, मावशीसारखा शब्द मुंबईच्या बोलीत दारूच्या गुत्त्याशी जोडला गेला. हिंदी चित्रपटाने हे चित्र चटकन उचलले. पडद्यावर ख्रिस्ती पुरुष आला तर हातात बाटली, ख्रिस्ती मुलगी आली तर आखूड झगा आणि क्लबातले नृत्य. मजुरी करणारे, शाळेत शिकविणारे, रुग्णांची सेवा करणारे, वसईत शेती करणारे, रेल्वेत रात्रपाळी करणारे ख्रिस्ती पडद्यावर फारसे दिसत नसत. अशा वेळी साधा झगा घातलेली, कष्टाने घर चालविणारी, देवाला भिणारी आणि परक्या मुलासाठी जीव टाकणारी 'आंटी' साऱ्या देशाने पाहिली आणि तिच्या मरणावर अश्रू ढाळले. एका शब्दाला लागलेला डाग काही अंशी तिने पुसला.

येथे एक योगायोग नमूद करावासा वाटतो. सहायक भूमिकांसाठी फिल्मफेअर पारितोषिके १९५५ साली सुरू झाली. पहिले दोन मानकरी होते 'बूट पॉलिश' मधील डेव्हिड आणि 'बादबान' मधील उषा किरण. डेव्हिड अब्राहम हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यू समाजातले. उषा किरण यांचे माहेरचे आडनाव मराठे. म्हणजे दुय्यम भूमिकेच्या सन्मानाचा आपल्याकडील आरंभच मराठी माणसांपासून झाला. डेव्हिड यांची भूमिका होती जॉन चाचाची. हा जॉन चाचा चोरून दारू विकतो, पण अनाथ मुलांना भीक मागू नका, कष्ट करा असे शिकवितो. एका मराठी ज्यूने ख्रिस्ती चाचा उभा केला आणि पुढे येवल्याच्या एका मराठी हिंदू स्त्रीने ख्रिस्ती माता उभी केली. दोघांनीही परक्या समाजाची नक्कल केली नाही, त्यातला माणूस शोधला. नक्कल करणारा नट पोशाख आणि उच्चार उचलून थांबतो. थोर नट त्या पोशाखातल्या माणसाची काळजी कशाची, अभिमान कशाचा, हे शोधून काढतो.

'अनाडी'च्याच वर्षी, १९५९ साली, बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. त्याचीही नायिका नूतन. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या आणि उच्चवर्णीय घरात वाढलेल्या मुलीची ती कथा. या मुलीच्या सावलीलाही नाक मुरडणारी, जुन्या आचारांची बुआजी कोण? ललिता पवारच. एका चित्रपटात जात पाळणारी म्हातारी, आणि दुसऱ्यात जात, धर्म, नाते काहीही न विचारता छप्पर देणारी म्हातारी. वर्ष एक, चेहरा एक, अधू डोळाही तोच. दुष्टावा चेहऱ्यावर लिहिलेला असतो, या आपल्या आवडत्या समजुतीचे याहून चोख खंडन कोणते?

ही परंपरा पुढे निर्दोष राहिली असे मात्र म्हणता येत नाही. १९७१ साली हृषीकेश मुखर्जींनी 'आनंद' काढला, त्यात रुग्णालयाच्या कडक शिस्तीच्या मेट्रनचे नाव पुन्हा डिसा, आणि भूमिका पुन्हा ललिताबाईंची. बारा वर्षांनंतर दिग्दर्शकाने तेच आडनाव योजावे, हा त्या पहिल्या भूमिकेला केलेला नमस्कारच म्हणावा लागेल. परंतु इतर चित्रपटांतून प्रेमळ ख्रिस्ती म्हातारी हाही पुढे एक ठरीव साचा होऊन बसला, आणि खलनायकाच्या टोळीतल्या माणसांना ख्रिस्ती नावे देण्याची रीतही चालू राहिली. साचा वाईट माणसाचा असो वा चांगल्या माणसाचा, त्यात खरा माणूस मावत नाही. ज्या समाजाची वस्ती थोडी, त्याला देशाच्या चित्रात बहुधा दुय्यम भूमिकाच मिळते. म्हणूनच ती भूमिका कोण आणि किती प्रामाणिकपणे करतो, याला त्या समाजाच्या दृष्टीने फार मोल असते.

ललिताबाईंच्या कारकिर्दीचा अखेरचा मोठा टप्पा दूरदर्शनवरचा. रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी दाखविली गेली. त्या वेळी रस्ते ओस पडत, हे पन्नाशीच्या पुढच्या श्रोत्यांना आठवत असेल. तीत सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई मंथरा झाल्या. कैकेयीच्या माहेराहून आलेली ही दासी. तिला ना राज्य मिळायचे होते, ना मान. पण तिने कान फुंकला नसता तर वनवास नाही, आणि वनवास नाही तर रामायणही नाही. दुय्यम पात्रावर कथेचा डोलारा कसा उभा असतो, याचा पुरावा आपल्या महाकाव्यातच आहे. ज्यांनी आनंदीबाईंना 'ध' चा 'मा' करताना पाहिले होते, त्यांची नातवंडे आता मंथरेला पाहून दात-ओठ खात होती. २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत ही मालिका पुन्हा दाखविली गेली, आणि जन्माला येण्यापूर्वीच दिवंगत झालेल्या या अभिनेत्रीला पाहून आणखी एक पिढी रागावली.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे ललिताबाईंचे निधन झाले. त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगितली जाते. आकडा थोडा मागेपुढे झाला तरी मूकपटापासून दूरदर्शनपर्यंतची वाटचाल काही कमी होत नाही.

या चरित्राकडे अपघाताची करुण कथा म्हणून पाहण्याचा मोह होतो. तसे पाहू नये, असे मला वाटते. १९४२ चा तो अपघात घडला नसता तर त्या आणखी काही वर्षे नायिका राहिल्या असत्या, आणि मग इतर नायिकांप्रमाणे पडद्याआड गेल्या असत्या, असे कोणी म्हणेल. ते खरेही असेल; पण म्हणून अपघाताचे आभार मानण्याचे कारण नाही. आभार मानायचे ते त्यानंतरच्या श्रमाचे. जाहिरातीत नाव कोठे छापले आहे, हे न पाहता हाती आलेले काम त्यांनी पुरेपूर केले.

रामायणात शबरी किती थोडा वेळ येते! शुभवर्तमानात शिमोन कुरेनेकर एका वाक्यापुरता येतो, खांद्यावर क्रूस घेतो आणि नाहीसा होतो. दोन हजार वर्षे झाली, त्याचे नाव पुसले गेलेले नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला जगाच्या नाटकात अशाच भूमिका येतात. ललिता पवार यांची सत्तर वर्षे सांगतात, की भूमिका लहान असली तरी ती करण्याची तऱ्हा लहान असण्याचे कारण नाही. पुढच्या खेपेस एखादी खाष्ट सासू पडद्यावर पाहून आपल्याला संताप आला, तर त्या संतापामागे कोणाचे तरी मोठे कसब उभे आहे, एवढे आठवावे. आणि शेजारच्या एखाद्या मिसेस डिसांना 'आंटी' म्हणून हाक मारताना त्या शब्दातली मूळची माया जपावी.